इंजिनातील तेल : किलोमीटर आणि तास

टंचाईच्या काळात गावोगाव पाणी पोहोचविणारा टँकर दिवसाकाठी फारसे अंतर कापीत नाही. पाणी भरण्यासाठी तो रांगेत उभा राहतो, भरल्या वजनानिशी चढ चढतो, आणि त्यावरील पंप चालवावयाचा असेल तर जागेवर उभा असतानाही त्याचे इंजिन सुरू ठेवावे लागते. लॉगबुकात नोंद होते ती मात्र किलोमीटरची. केवळ त्या आकड्यावर विसंबून इंजिनाचे तेल बदलण्याची तारीख ठरविली, तर ऐन मे महिन्यात टँकर बंद पडण्याची आणि गावाचे पाणी तुटण्याची वेळ येऊ शकते.

इंजिनाचे तेल केवळ वंगणाचे काम करीत नाही. ते पिस्टनची उष्णता वाहून नेते, ज्वलनातून निर्माण होणारी काजळी आपल्यात धरून ठेवते आणि आम्लांचा परिणाम मारते. यासाठी त्यात मिसळलेली रसायने हळूहळू खर्ची पडतात. म्हणूनच, पातळी कमी झाली म्हणून वरून नवे तेल ओतीत राहणे हा तेल बदलण्याला पर्याय ठरत नाही. काजळी आतच राहते.

आजच्या अनेक मोटारींना उत्पादक १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत देतात. ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने हे अंतर कापण्यास २५० तास लागतात. तेच वाहन ताशी १५ किलोमीटर सरासरीने चालले, तर २५० तासांत जेमतेम ३,७५० किलोमीटर होतात. तेलाला पडलेले कष्ट बहुतांशी तासांचे असतात. ट्रॅक्टरला तासमापक बसविलेला असतो तो याच कारणासाठी, आणि कित्येक ट्रॅक्टरांच्या तेलाची मुदत २५० तासांची असते. उत्पादकांच्या पुस्तिकेत ‘खडतर वापर’ या सदराखाली धूळ, ओझे, रेंगाळत चालणे व लहान फेऱ्या यांसाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते. हे पान सहसा कोणी उघडीत नाही. ग्रामीण भागातील बहुतेक सरकारी वाहने मात्र याच सदरात मोडतात.

लहान फेऱ्यांचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीचे तेल पुरेसे तापत नाही. त्यामुळे त्यात शिरलेले पाणी व इंधन उडून जात नाही. वर्षभरात जेमतेम हजार-दोन हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचेही तेल वर्षाने बदलावयाचे ते यासाठीच.

पूर्वी डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत असे. त्यापासून बनणाऱ्या आम्लामुळे तेल लवकर निकामी होई. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकाच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत १० भागांहून अधिक नसते. तेलाची मुदत वाढण्यामागे हेही एक कारण आहे. परंतु या नव्या डिझेल वाहनांच्या धुराच्या मार्गात काजळी अडविणारी गाळणी असते. ती स्वच्छ होताना थोडे डिझेल तेलात उतरू शकते. डिपस्टिकवर पातळी घटण्याऐवजी चढलेली दिसली, तर समाधान न मानता गाडी तपासून घ्यावी. अशा वाहनांत कमी राख सोडणारे, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल घालावे. अन्यथा ती महागडी गाळणी राखेने तुंबते.

तेल काळे पडले म्हणजे ते संपले, हा समज चुकीचा आहे. डिझेल इंजिनात नवे तेलही थोड्याच दिवसांत काळे होते. ते काजळी धरून ठेवीत असल्याची ती खूण होय. याउलट तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरल्याचा संशय घ्यावा आणि इंजिन चालवू नये. पातळी पाहताना गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबणे आवश्यक असते. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. फिल्टरवर केलेली काटकसर नव्या तेलात जुनी घाण मिसळते.

लॉगबुकात किलोमीटरांशेजारी इंजिन चालू असल्याच्या तासांचा एक रकाना आखावयास खर्च काहीच नाही. टँकर, रुग्णवाहिका व शाळेची बस यांच्यासाठी तो अवश्य असावा.

काढलेले जुने तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते विहिरीजवळ वा गटारात ओतणे किंवा चुलीत जाळणे धोक्याचे आहे. बंद डब्यात साठवून ते अधिकृत पुनर्प्रक्रियादाराकडेच सोपवावे आणि त्याची पावती लॉगबुकासोबत जपून ठेवावी.