संगणक आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला, तर

घरातील संगणकावर काही काम चालू असावे, आणि मध्येच पडदा काळा होऊन यंत्राने पुनश्च पहिल्यापासून सुरुवात करावी, असा अनुभव आपणांपैकी अनेकांस आला असेल. असे दोनतीनदा झाले की घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "व्हायरस शिरला असणार", आणि दुसरे, "उद्या दुकानात नेऊन फॉरमॅट करून आणू." यांपैकी पहिले वाक्य आज बहुधा खरे नसते. दुसरे मात्र पुष्कळदा फार महागात पडते. कारण त्यात गेलेले पैसे पुन्हा मिळवता येतात, गेलेली छायाचित्रे मिळत नाहीत.

व्हायरसचा संशय अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. २००३ च्या ऑगस्ट महिन्यात ब्लास्टर नावाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला, तेव्हा विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर एक छोटी चौकट उघडे, साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि ती संपताच संगणक आपोआप पुन्हा सुरू होई. पुढच्याच वर्षी सॅसर नावाच्या प्रोग्रामने हाच प्रकार केला. ज्यांनी तो काळ पाहिला, त्यांच्या मनात ही सांगड पक्की बसली आहे. परंतु आजच्या घातक प्रोग्रामांचा डोळा आपल्या बँकेच्या व्यवहारांवर असतो. घरात शिरलेला चोर भांडी वाजवीत नाही. तद्वत हे प्रोग्रामही आपला सुगावा लागू नये याचीच काळजी घेतात.

मग संगणक असे का करतो? ताप हा जसा स्वतः रोग नसून आतील रोगाचे लक्षण असतो, तसेच हेही आहे. विजेचा दाब क्षणभर कोसळला, आतील उष्णता मर्यादेपलीकडे गेली, किंवा आज्ञावलीत सावरता न येणारी चूक उद्भवली, तर चालू काम तसेच रेटण्यापेक्षा थांबणे बरे, अशी या यंत्राची रचनाच आहे. फॉरमॅट करणे म्हणजे डिस्कवरील सर्व काही पुसून विंडोज नव्याने बसविणे. या तीन कारणांपैकी केवळ तिसऱ्याचा, आणि त्याच्याही एका भागाचाच, या उपायाशी संबंध आहे. दुखणे विजेचे अथवा उष्णतेचे असेल, तर फॉरमॅट केलेला कोरा करकरीत संगणकही चौथ्या दिवशी तसाच बंद पडेल.

म्हणून निदानाकडे वळण्यापूर्वी एक काम आजच करावे. ज्या वस्तू पुन्हा मिळणार नाहीत त्यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढून घ्यावी: घरातील लग्नकार्यांची छायाचित्रे, निवृत्तिवेतनाचे व विम्याचे कागद, मुलांचे प्रकल्प, आणि आज हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांच्या आवाजाची एखादी ध्वनिफीत असेल तर ती सर्वांत आधी. प्रती काढताना सगळा ढीग एकदम उचलू नये. थोडे थोडे घ्यावे, कारण लिहिणे चालू असता वीज तुटली तर ती फाइल बिघडू शकते. अलीकडील कित्येक संगणकांत विंडोज डिस्कला कुलूप घालून ठेवते. अशी डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडावयाची झाल्यास ४८ अंकी किल्ली लागते, व ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते. ती वेळीच उतरवून ठेवावी.

यानंतर एक साधी वही घ्यावी. संगणक बंद पडेल तेव्हा तारीख आणि वेळ लिहावी. त्यावर कोणते काम चालू होते ते लिहावे. बंद पडण्यापूर्वी पडद्यावर काही अक्षरे दिसली की एकदम अंधार झाला ते लिहावे. आणि त्याच क्षणी घरात दुसरे काय घडले तेही लिहावे. शेवटची नोंद विसरू नये. पाण्याचा पंप सुरू झाला होता काय, कोणी इस्त्री लावली होती काय, दिवे मिचकावले काय? आठवडाभराच्या अशा वहीने दुरुस्ती करणाऱ्या मनुष्याचे निम्मे काम होते. किंबहुना पुष्कळ वेळा त्याला बोलावण्याची गरजच उरत नाही.

वहीतील वेळा पंप, फ्रीज किंवा इस्त्री यांच्याशी जुळत असतील, तर विजेचा विचार प्रथम करावा. आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची व सेकंदास ५० आवर्तनांची असते. संगणकाच्या पेटीतील एसएमपीएस हा भाग तिचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या सरळ प्रवाहात रूपांतर करतो. बाहेरची वीज गेली, तरी तो आपल्या साठ्यावर पूर्ण भारात सुमारे १६ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. अर्थात एखादे आवर्तन जरी पुरते हुकले, तरी आपल्या डोळ्यांस दिव्याची नुसती पापणी लवल्यासारखी वाटते, आणि तेवढ्यात संगणकाचा धीर सुटतो. एसएमपीएसकडून मदरबोर्डला 'पुरवठा ठीक आहे' असा एक अखंड संकेत जात असतो. तो खंडित होताच मदरबोर्ड सर्व काही थांबवितो, आणि वीज लगेच परतली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पंखे व दिवे चालूच राहिले आणि संगणक तेवढा बंद पडला, यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

"पण आमच्याकडे यूपीएस आहे," असे आपण म्हणाल. यूपीएस आहे, पण त्यातील बॅटरी जिवंत आहे काय? घरगुती यूपीएसमधील शिशाची बॅटरी आपल्या उष्ण हवेत दोनतीन वर्षांत थकते, आणि थकल्यावरही वरचा हिरवा दिवा पूर्वीसारखाच तेवत राहतो. तिची परीक्षा घ्यावयाची असल्यास संगणक रीतसर बंद करून त्याची तार काढावी, यूपीएसला जुना ६० वॅटचा पिवळा दिवा जोडावा आणि भिंतीवरील बटण बंद करावे. दिवा विझला किंवा एकदोन मिनिटांत मंदावला, तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली आहे. येथे एलईडी दिवा वापरू नये. त्याला इतकी थोडी वीज लागते की मरणोन्मुख बॅटरीही तो पेटवून दाखविते व आपली फसगत होते. छपाईची आज्ञा देताच संगणक बंद पडत असेल, तर लेझर प्रिंटर यूपीएसवर लावलेला आहे काय ते पाहावे. हा प्रिंटर तापताना एकदम मोठा प्रवाह खेचतो. त्याची जागा भिंतीवरील स्वतंत्र प्लगमध्ये आहे.

इन्व्हर्टर असलेल्या घरांत आणखी एक कळ तपासावी. बऱ्याच इन्व्हर्टरांवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' अशा दोन खुणा असलेले लहानसे बटण असते. 'नॉर्मल'वर ठेवल्यास वीज गेल्यानंतर बॅटरीवर यावयास अंमळ उशीर लागतो. पंख्याला तो कळत नाही, संगणकाला मात्र सोसवत नाही. हे बटण 'यूपीएस'कडे सरकविल्याने कित्येक घरांतील तक्रार एका पैशाच्या खर्चाविना मिटते. ज्या गावी विजेचा दाब फार खालीवर होतो तेथे इन्व्हर्टर या स्थितीत वारंवार बॅटरीवर जाईल, हे मात्र ध्यानात ठेवावे.

संगणकाच्या लोखंडी पेटीस अनवाणी पायांनी हात लावला असता झिणझिण्या येतात काय? येत असतील, तर आपल्या प्लगची तिसरी, अर्थिंगची, जोडणी नावापुरतीच आहे असे समजावे. जुन्या घरांत हे फार आढळते. हे काम वायरमनचे आहे आणि ते पुढे ढकलण्याजोगे नाही. त्याचा संबंध केवळ संगणकाशी नसून आपल्या जिवाशीही आहे.

आता उष्णतेविषयी. वहीवरून असे दिसले की सकाळी संगणक तासन्‌तास नीट चालतो, दुपारी मात्र वीस मिनिटांत बंद पडतो. मुलगा खेळ खेळू लागला किंवा चित्रफितीचे संकलन चालू असले की बंद पडतो. पुन्हा सुरू केल्यावर आणखी लवकर बंद पडतो, पण अर्धा तास विसावा दिल्यास पुन्हा बराच वेळ टिकतो. ही लक्षणे उष्णतेची होत. अलीकडील बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तीजवळ येताच प्रोसेसर प्रथम आपली गती कमी करतो, आणि तरीही तापमान चढत राहिले तर काम थांबवितो. याचे कारण बहुधा अगदी घरगुती असते: धूळ. प्रोसेसरवरील धातूच्या पट्ट्यांमध्ये धुळीचा असा काही थर बसतो की पंखा फिरत असूनही वारा आत जात नाही. संगणक बंद करून, तार काढून, पेटी गच्चीत किंवा अंगणात न्यावी, बाजूचे झाकण उघडावे, आणि मऊ कोरड्या कुंचल्याने व फुंकणीच्या वाऱ्याने धूळ काढावी. पंख्याची पाती पेन्सिलीने अडवून धरावीत. वाऱ्याने ती भरधाव फिरली तर पंखा बिघडतो. ओले फडके कोठेही लावू नये. एवढ्याने गुण न आल्यास प्रोसेसर व पट्ट्या यांमधील उष्णतावाहक लेप वाळला असण्याचा संभव आहे. तो नव्याने लावणे हे जाणत्या हाताचे काम.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने विजेच्या लपंडावाचा त्यास उपद्रव नसतो. तो बंद पडू लागल्यास उष्णतेचाच संशय आधी घ्यावा. रजईवर किंवा उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी बंद होते. त्याचे झाकण नीट मिटेनासे झाले किंवा खालचा भाग फुगलेला दिसला, तर बॅटरी फुगली आहे. तो त्याच क्षणी बंद करावा, चार्ज करू नये, आणि बॅटरी दाबण्याचा वा टोचण्याचा प्रयत्न कदापि करू नये.

एक इशारा डेस्कटॉपवाल्यांसही आहे. पेटी उघडा, पण एसएमपीएसचा डबा उघडू नका. त्याच्या आतील कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा साठा असतो, आणि तार काढल्यानंतरही तो काही काळ राहू शकतो.

वीज व उष्णता दोन्ही निर्दोष ठरल्यास संगणकालाच विचारावे. विंडोजमध्ये गंभीर चूक झाली की पडद्यावर तिचे नाव झळकते. पूर्वी हा पडदा निळा असे, विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झाला आहे. परंतु मूळ योजनेप्रमाणे संगणक लगेच स्वतःहून पुन्हा सुरू होतो, त्यामुळे ते नाव वाचण्याआधीच नाहीसे होते. यास्तव 'ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज'मधील 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या भागात जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' यापुढील खूण काढून टाकावी. पुढच्या वेळी पडदा थांबून राहील. त्याचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे.

शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' हा शब्द इंग्रजीत लिहिला असता दिवसवार आलेख उघडतो व ज्या दिवशी संगणक अवेळी बंद पडला तेथे लाल फुली दिसते. आपल्या वहीशी तो ताडून पाहावा. 'इव्हेंट व्ह्यूअर'मधील ४१ क्रमांकाची नोंद पाहून पुष्कळ लोक घाबरतात. तिचा अर्थ एवढाच की मागील वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. ती पंचनाम्यातील घटना आहे, आरोपीचे नाव नव्हे. याउलट १०७४ क्रमांकाची नोंद आढळली, तर संगणक कोणाच्या तरी आज्ञेने, बहुधा विंडोजच्या अद्ययावतीकरणासाठी, बंद झाला होता. तेथे बिघाड काहीच नाही. 'ॲक्टिव्ह अवर्स'मध्ये आपल्या कामाच्या वेळा भरल्या की झाले.

दर खेपेस चुकीचे नाव निरनिराळे येत असेल, तर रॅम तपासावी. 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' हे साधन संगणकातच असते. रॅमच्या दोन पट्ट्या असल्यास एकेक काढून दोन दिवस चालवून पाहावे. आपल्याकडील कारागीर तिची सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवितात आणि कित्येकदा तेवढ्याने भागते. ज्यांनी इंटेलचे १३ व्या किंवा १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर घेतले आहेत, त्यांनी मदरबोर्डचे बायोस अद्ययावत आहे काय हे अवश्य पाहावे. त्यांतील काही प्रोसेसर अवाजवी विद्युत्दाब घेऊन खराब होतात, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, त्यावर सुधारणा दिली व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली.

इतके करूनही दुकान गाठावे लागले, तर वही बरोबर न्यावी. पावतीवर "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" असे आपल्यासमोर लिहून घ्यावे, आणि प्रथम दुसरा चांगला एसएमपीएस लावून संगणक चालवून पाहण्यास सांगावे. दुकानात तीन दिवस तो एकदाही बंद पडला नाही आणि घरी आणताच पुन्हा तेच सुरू झाले, असेही घडते. अशा वेळी दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. वायरमनला बोलवावे, आणि ज्या सॉकेटमध्ये प्लग गेली कित्येक वर्षे सैल बसत आला आहे, ते त्याला आधी उघडावयास सांगावे.