सहा दिवसांत पाच सामने

फुटबॉल म्हटलं की गोव्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. भातकापणी झालेल्या शेतात, चर्चच्या समोरच्या मैदानात, जागा मिळेल तिथे आपण तो खेळत आलो. 1883 साली शिवोलीला फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी हा खेळ आणला असं सांगतात. पण ह्या लेखातला फुटबॉल तो नव्हे. जवळपास त्याच काळात अमेरिकेतल्या कॉलेजांत फुटबॉल ह्याच नावाने एक वेगळाच खेळ चालू होता. त्यात चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ तो पायाने मारण्याऐवजी छातीशी धरून पळवतात. त्या खेळातल्या एका लहानशा चर्च-कॉलेजाच्या 1899 च्या सिझनबद्दल मला सांगायचं आहे.

आधी नियम, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट नुसती आकड्यांची होईल. दोन्ही बाजूंना अकरा अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडा कमी. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना द्यायचा. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की पाच गुण आणि त्यानंतर खांबांमधून लाथेने मारला की वरचा एक. चेंडू पुढे फेकायला परवानगीच नव्हती, ती आली 1906 मध्ये. मग पाच यार्ड मिळवायचे कसे? घोळक्याने घोळक्यावर आदळून. हेल्मेट बहुतेकांच्या डोक्यावर नसे. एक अर्धा पस्तीस मिनिटांचा. आणि एकदा मैदानाबाहेर गेलेला गडी त्या सामन्यात परत येऊ शकत नसे, त्यामुळे जखमी झाला तरी माणूस उभाच राही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सवॉनी हे टेनेसी राज्यातल्या एका पठारावरचं गाव. तिथलं कॉलेज, कागदोपत्री ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’, एपिस्कोपल म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्या चर्चने 1857 मध्ये स्थापन केलं. संस्थापकांत लिओनिडास पोक नावाचे बिशप होते. पुढे यादवी युद्धात ते दक्षिणेच्या सैन्यात जनरल झाले. ह्या बाजूला दक्षिण म्हणजे गुलामगिरी राखू पाहणारी बाजू. युद्धामुळे कॉलेज प्रत्यक्षात सुरू व्हायला 1868 उजाडलं. 1899 मध्ये तिथे विद्यार्थी काही शेच होते.

आता दौऱ्याचं कारण. ही गोष्ट बहुतेक वेळा शौर्याची म्हणून सांगितली जाते, मला मात्र तिच्यातला पैशाचा भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो. सवॉनीचा मोठा प्रतिस्पर्धी होता नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट. ह्या दोघांच्या सामन्याला तिकिटं चांगली खपत. पण तिकिटांच्या पैशाच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं आणि 1899 चा सामना झालाच नाही. म्हणजे वर्षाची हक्काची कमाई गेली. टीमचा मॅनेजर ल्यूक ली हा विद्यार्थीच. त्याने ठरवलं, जवळचं गिऱ्हाईक गेलं तर लांबच्यांकडे जाऊ. पण लांब जायचं तर रेल्वेचं भाडं मोठं, एका सामन्याच्या वाट्यातून ते कसं सुटणार? म्हणून वाटेवर जितके सामने बसतील तितके बसवायचे. बसले पाच.

टीम आगगाडीने निघाली, वीस-एकवीस खेळाडू. एकूण प्रवास अडीच हजार मैलांचा, म्हणजे चार हजार किलोमीटर. परक्या गावचं पाणी बाधू नये म्हणून डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून घेतलं होतं, असं सांगतात. आणि गाडी सुटल्यावर कळलं की खेळायचे बूट मागेच राहिले, मग तार करून ते मागच्या गाडीने मागवले, असंही सांगतात. (कुठल्याही कॉलेजच्या टूरवर गेलेल्या माणसाला हे खरं वाटेल.)

9 नोव्हेंबर, गुरुवार. ऑस्टिनमध्ये टेक्सास युनिव्हर्सिटीविरुद्ध 12–0. कॅप्टन हेन्री सायबल्सचं डोकं फुटलं, त्यावर पट्टी चिकटवून तो खेळत राहिला. त्या नियमाची आठवण झाली ना? 10 तारखेला ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एम, 10–0. 11 तारखेला न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेन, 23–0. मधे रविवार. मग 13 ला बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेट, 34–0 आणि 14 ला मेम्फिसमध्ये मिसिसिपी, 12–0. पाचही सामन्यांत समोरच्यांना एकही गुण मिळाला नाही. रात्री गाडीत झोपायचं, दुसऱ्या दिवशी उतरून ताज्यातवान्या अकरा जणांवर आदळायचं.

सवॉनीत ह्यावर एक जुना विनोद आहे की सातव्या दिवशी त्यांनी विश्रांती घेतली. उत्पत्तीच्या पुस्तकाशी हे छान जुळतं, पण कॅलेंडरशी जुळत नाही. विश्रांती पडली चौथ्या दिवशी, कारण तो प्रभूचा दिवस होता. मला तर वाटतं पाच सामने जमले त्यात ह्या सुट्टीचाही हात असावा.

सगळ्या सिझनमध्ये बारा सामने, बारा विजय. सवॉनीचे 322 गुण, समोरच्या सगळ्यांचे मिळून 10. ते दहाही एकाच टीमने मिळवले, ऑबर्नने. त्यांचा कोच होता जॉन हाइझमन, ज्याच्या नावाची ट्रॉफी आज अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान आहे. तो सामना सवॉनीने 11–10 असा जिंकला. म्हणजे लाथेने मारलेल्या वरच्या एका गुणावर सगळा अपराजित सिझन टिकला. हाइझमनने पंचांविरुद्ध वर्तमानपत्रातून तक्रार केली, त्याचाही काही उपयोग झाला नाही.

ह्या टीमच्या गोष्टीत दोन नावं मागे पडतात. एक कॅल बरोज. दुखरी अंगं रगडून खेळाडूंना पुढच्या सामन्यासाठी उभं करणारा हा टीमचा ट्रेनर कृष्णवर्णीय होता. त्याला त्या कॉलेजात शिकता आलं नसतं, त्या मैदानात खेळताही आलं नसतं. दुसरं नाव ऑर्मंड सिमकिन्स, टीमचा दणकट फुलबॅक आणि लांब लाथ मारणारा. फुटबॉलमधल्या दुखापतींमुळे पुढे त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. 322–10 ह्या आकड्यात ही किंमत कुठे दिसत नाही. त्या काळात ह्या खेळात मुलं मरतही होती. 1905 मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी कॉलेजवाल्यांना व्हाइट हाउसवर बोलावलं आणि त्यानंतरच नियम बदलले.

मॅनेजर ल्यूक ली मात्र कधीच मागे पडला नाही. त्याने नॅशव्हिलमध्ये दैनिक काढलं, तो सिनेटर झाला आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर जानेवारी 1919 मध्ये काही सोबती घेऊन हॉलंडमध्ये लपलेल्या जर्मन कैसरला पळवून आणायला गेला! ते जमलं नाही. पण ज्याने पाच सामन्यांचं वेळापत्रक एका आठवड्यात बसवलं, त्याच्या डोक्यात असं काही येणं मला नवलाचं वाटत नाही.

आणि सवॉनी? 1932 मध्ये दक्षिणेतल्या मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांनी साउथईस्टर्न कॉन्फरन्स स्थापन केली, तेव्हा जुन्या नावामुळे हे छोटं कॉलेजही संस्थापकांत होतं. पण विद्यार्थ्यांनी स्वतः टीम चालवायचे दिवस संपले होते. पगारी कोच, मोठी स्टेडियम्स, खेळासाठी शिष्यवृत्त्या, ह्यांत काही शे मुलांचं कॉलेज कसं टिकणार? त्या कॉन्फरन्समध्ये सवॉनी सदतीस सामने खेळलं आणि सदतीसही हरलं. 1899 मध्ये ज्यांना पाठोपाठ हरवलं, त्यांतले टुलेन, लुइझियाना स्टेट आणि मिसिसिपी आता त्याच कॉन्फरन्समध्ये होते.

1940 मध्ये कुलगुरू अलेक्झांडर गेरी यांच्या काळात कॉलेज त्यातून बाहेर पडलं आणि खेळाडूंना शिष्यवृत्ती देणं बंद केलं. टीम मात्र बंद केली नाही. आजही सवॉनी फुटबॉल खेळतं, आपल्यासारख्याच लहान कॉलेजांशी, आणि तिथली मुलं खेळायचे पैसे घेत नाहीत.