मुशीचा हिशेब वेगळा

किन्हीराजाहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आपल्याकडे मासा म्हणजे तलावातला रोहू-कटला, नाहीतर बाजारातले सुकट-बोंबील. मग शार्कची चौकशी आपल्याला कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण मासे पाळणाऱ्याने तरी हा फरक समजून घ्यावा.

कोकणात लहान शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात. तिचाच चपटा, सुपासारखा भाऊबंद म्हणजे पाकट. रोहू खाताना काटे काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. मुशीत तसला काटा नाही. या दोघांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. आपला कान चाचपून पाहा, तशीच ती लवचीक. रोहूच्या कल्ल्यावर झाकण असते, मुशीच्या बाजूला मात्र बहुधा पाच उघड्या फटी. पाकटाच्या फटी पोटाकडे असतात, म्हणून वाळूत दडल्यावर तो डोळ्यामागच्या भोकातून पाणी ओढतो. रोहूला पोटातली हवेची पिशवी तरंगायला मदत करते. मुशीला ती नाही. तेलाने भरलेले मोठे यकृत तिचा भार हलका करते. अंगावर दातांसारखे बारीक खवले, उलटा हात फिरवला तर पॉलिशपेपरच! आणि रक्ता-मांसात चक्क युरिया. म्हणून शिळ्या मुशीला अमोनियाचा उग्र वास येतो.

शार्क फक्त समुद्रातच, असेही नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पात्रात शार्कने एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला. बुल शार्क ही जात गोड्या पाण्यातही शिरते.

आता मुख्य गोष्ट. रोहूची मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते. मुशी-पाकटाच्या बऱ्याच जाती अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतात, तीही मोजकीच. मोठ्या जातींना तर वयात यायला कित्येक वर्षे लागतात. म्हणजे हिशेब माशाचा कमी अन् म्हशीचा जास्त. वगारीच विकून टाकल्या तर पुढे गोठ्यात दूध कुठून येणार, सांगा!

म्हणूनच व्हेल शार्क आणि पाकटाच्या कुळातला करवत मासा यांना २००१ मध्ये वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. २०१५ मध्ये शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी आली.

आपल्या तलावात मासा घटला तर मत्स्यबीज आणून सोडता येते. समुद्रातल्या मुशीला ती सोय नाही. पुढच्या वेळी रोहू कापाल तेव्हा कल्ल्याचे झाकण आणि हवेची पिशवी पोरांना दाखवा, आणि मुशीची ही गोष्ट तेवढी सांगा.