हळदीचा पिवळा, गेरूचा लाल

रमजानच्या बाजारात हिरव्या पताका लागल्या की हा मुसलमानांचा रंग, असं शेंबडं पोरही सांगेल. मलेशियातले मलय लोकही मुसलमानच. पण त्यांचा मानाचा रंग पिवळा. मलाक्काच्या सुलतानांच्या कायद्याने रयतेला पिवळं वस्त्र घालायची बंदी होती. त्यामुळे मलय कवितेत पिवळं छत्र आलं की राजा आलाच. लग्नात मात्र नवरा-नवरीवर हळदीचे तांदूळ उधळतात, थेट आपल्या अक्षतांसारखे.

न्यूझीलंडचे माओरी हे भाषेच्या नात्याने मलयांचे दूरचे भाऊबंद. डोळ्याला दोघेही ‘माता’ म्हणतात. माओरींकडे मान लाल रंगाला. आकाशपिता आणि धरतीमाता यांची ताटातूट झाली, तेव्हा सांडलेलं रक्त म्हणजे गेरू, असं त्यांची कथा सांगते. ‘कुरा’ म्हणजे लाल, लाल पिसं, आणि अनमोल ठेवाही. शोकगीतात गेलेल्या सरदाराला ‘कुरा’ म्हणून हाक मारतात. भाषांतरात नुसतं ‘तांबडा’ लिहिलं तर रडणंच हरवतं. उर्दूतला ‘लाल’ त्यातल्या त्यात जवळचा: माणिकही तोच, आईचा लाडकाही तोच.

पांढरा सगळ्यात अवघड. हाडं पांढरी झाली तरी चालेल, डोळे पांढरे नकोत, अशी मलय म्हण आहे. चार ओळींच्या ‘पंतुन’ कवितेत अशा म्हणी सहज मिसळतात. आपले डोळे पांढरे होतात ते धास्तीने. मलय माणसाचे होतात वाट पाहून हाती काहीच न लागल्याने, लाज सोसत जगावं लागल्याने.