डिफॉल्टर लिस्ट लागली की...

सबमिशनच्या आठवड्यात नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागते आणि वर्गात दोन पार्ट्या पडतात. कल्याण-डोंबिवलीहून येणारे म्हणतात, "लोकल लेट होते, त्यात आमचा काय दोष?" सर म्हणतात, "७५ टक्क्यांचा नियम विद्यापीठाचा, माझा नाही." हॉस्टेलवाले गॅलरीतून मजा बघतात. (त्यांचं भांडण मेसचं, ते वेगळ्या दिवशी!)

दोन्ही बाजू खरं बोलतात, म्हणूनच हे भांडण मिटत नाही. नियम बदलणं सरांच्या हातात नसतं, पण प्रॅक्टिकलच्या बॅचेस लावणं डिपार्टमेंटच्या हातात असतं. आमच्या वर्गाने मागच्या सेमिस्टरला तेवढंच मागितलं: सकाळची बॅच हॉस्टेलची, दुपारची लोकलवाल्यांची. एचओडींनी हो म्हटलं. कुरकुर झाली ती हॉस्टेलच्या पोरांची, कारण झोप त्यांची गेली. त्यांना आधी विचारायला हवं होतं, असं माझं मत. बदल्यात दुपारी लायब्ररी मोकळी मिळते म्हटल्यावर गाडी रुळावर आली.

बोलून सुटलं नाही तर? यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात प्राध्यापक असतात आणि एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो. कागदपत्रं अडवणं, निकाल रखडणं, शिष्यवृत्ती न मिळणं हे सगळं तिच्याकडे नेता येतं. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत तिने अहवाल द्यायचा. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येतं.

निकालाचं म्हणाल, तर २०१७ साली मुंबई विद्यापीठाने ऑनलाइन पेपर तपासणी घाईने आणली. ३१ जुलैची मुदत हुकली, मुलांचे पुढचे प्रवेश लटकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून काढलं गेलं. पण ज्यांचा प्रवेश हुकला, त्यांना त्या कारवाईचा काय उपयोग?

रॅगिंग मात्र 'आपापसात मिटवा' या खात्यात टाकू नका. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. तक्रार आली की प्रमुखांनी ७ दिवसांत चौकशी करायची, आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून ती पोलिसांकडे पाठवायची. रेक्टर कितीही प्रेमळ असले तरी हे त्यांनी खोलीत बसून सोडवायचं काम नाही.

आणि तक्रार लेखीच द्या. एका अर्जात एकच विषय, तारखांसकट. दुसऱ्या प्रतीवर ऑफिसची पोच घ्या, कारण समितीचे १५ दिवस त्याच तारखेपासून मोजायचे असतात.