पायाच्या मुंग्या, मूळ पाठीत

मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात आणि चार पावलं चाललं की जातात. त्याची काळजी नको. पण काही जणींना रात्री आडवं झाल्यावर दोन्ही तळव्यांना मुंग्या येतात, आग होते, कापसावर चालल्यासारखं वाटतं. ‘दिवसभर उभं राहून होतंय’ म्हणत आपण तेल चोळतो आणि गप्प बसतो. मैत्रिणींनो, इथेच घोटाळा होतो.

पायाची जाणीव ठेवणाऱ्या पेशींचं घर पायात नसतंच मुळी, ते असतं पाठीत! मज्जारज्जूतून मज्जातंतूंच्या 31 जोड्या निघतात. त्यांच्या वाटेवर, मणक्यांजवळ, बारीक गाठी असतात. गाठ म्हटलं की दचकू नका, या गाठी जन्मापासून प्रत्येकाला असतात. अंगठ्याला काटा टोचला की ती खबर कमरेजवळच्या गाठीतल्या पेशीच्या धाग्यातून वर जाते. हा धागा जवळजवळ मीटरभर लांब! त्याला पोसायचं काम त्या एवढ्याशा पेशीचं. म्हणून या गाठींत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं.

रक्त किती सोडायचं, हेही मज्जातंतूच ठरवतात. काही तंतू रक्तवाहिनी आवळतात, काही सैल करतात. शेतात पाण्याचं दारं धरतात ना, तसंच. पण मेंदूला रक्तातल्या नको त्या गोष्टींपासून राखणारी भिंत असते, तशी पक्की भिंत या गाठींना नाही. रक्तातली साखर सतत वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, पेशी आणि धागे दोन्ही दुबळे होतात. सगळ्यात लांब धाग्यांना आधी झळ बसते. म्हणून सुरुवात पायापासून.

आणि मशेरी? ती तंबाखूच आहे, बरं का. तिच्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. साखर आधीच दारं बुजवतेय, त्यात आपण आणखी माती कशाला टाकायची?

मुंग्या मधुमेहानेच येतात असं नाही. बी-12 जीवनसत्त्व कमी पडलं तरी येतात. शाकाहारी बायकांत ही कमतरता जास्त दिसते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानेही बी-12 कमी होऊ शकतं. पण गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. साखर आणि बी-12, दोन्ही रक्ताच्या तपासणीत कळतात.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. मुंग्या आपोआप थांबल्या म्हणजे बरं झालं, असं नेहमीच नसतं. कधीकधी जाणीवच गेलेली असते. मग चप्पल पायातून निसटते तरी कळत नाही, चटका बसतो तरी कळत नाही, आणि जखम चिघळल्यावर घरच्यांच्या नजरेस पडते. म्हणून मधुमेह असेल तर रोज रात्री आरशात तळवे बघा. अनवाणी फिरू नका. कढत पाण्याचा अंदाज पायाने नाही, कोपराने घ्या. घरातल्या सगळ्यांचं दुखलं-खुपलं बघता, त्यातली पाच मिनिटं आपल्या पायांनाही द्या!