टोरांटोला तारे खरंच येत नाहीत?

एनबीए या बास्केटबॉल लीगच्या ३० संघांपैकी कॅनडात आज एकच आहे, टोरांटो रॅप्टर्स. बडा खेळाडू तिकडे यायला तयार होत नाही, असं इतकी वर्षं बोललं जातंय की त्याची शहानिशा करायची गरजच कुणाला वाटत नाही. दाखले तयार असतात. १९९९ मध्ये कॅनडातल्याच व्हँकुव्हर ग्रिझलीजने निवडलेल्या स्टीव्ह फ्रान्सिसने तिथे खेळायला साफ नकार दिला आणि २००१ मध्ये तो संघच मेम्फिसला हलला. ट्रेसी मॅकग्रेडीने २००० मध्ये टोरांटो सोडलं, ख्रिस बॉशने २०१० मध्ये.

पण मॅकग्रेडी मूळचा फ्लोरिडाचा आणि गेला तो ऑरलँडोला, म्हणजे घराकडेच. बॉश मायामीला गेला, तिथे त्याला लेब्रॉन जेम्स आणि ड्वेन वेडची साथ मिळाली. त्याच उन्हाळ्यात लेब्रॉनने स्वतःच्या ओहायो राज्यातला क्लीव्हलंडचा संघ सोडला होता. त्याचा दोष कुणी ओहायोच्या थंडीला दिला नाही. टोरांटोतून कुणी गेलं की मात्र अख्खा देश आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज पैशांचा आहे. पगार कॅनेडियन डॉलरमध्ये मिळतो, असं अनेकांना वाटतं. तो अमेरिकन डॉलरमध्येच मिळतो आणि एका खेळाडूला जास्तीत जास्त किती द्यायचं याची मर्यादा सगळ्या संघांना लागू असते. कराचं म्हणणं अर्धं खरं आहे. ओंटारियोत सर्वांत वरचा दर ५३.५३ टक्के आहे. पण अमेरिकेचा रहिवासी राहिलेल्या खेळाडूकडून कॅनडा तिथे काम केलेल्या दिवसांपुरताच कर घेतो, आणि हंगामातल्या ८२ पैकी ४१ सामने बाहेरगावी असतात. शिवाय कॅलिफोर्नियात केंद्राच्या ३७ टक्क्यांवर राज्याचे १३ टक्क्यांहून अधिक लागतात, म्हणून काही कुणी तिथल्या लेकर्स संघाला नाही म्हणत नाही. खरा फरक पडतो तो टेक्सास आणि फ्लोरिडाशी तुलना केल्यावर, कारण तिथे राज्याचा प्राप्तिकरच नाही.

दुसरा घोळ आयपीएलच्या सवयीतून होतो. एनबीएत खेळाडूंचा लिलाव नसतो. नवखा खेळाडू ड्राफ्टमध्ये ज्या संघाने निवडला त्या संघाकडे जातो. पुढे करार संपला की नव्या संघाला त्याच्याशी चारच वर्षांचा करार करता येतो, जुन्या संघाला पाच वर्षांचा, आणि दरवर्षीची वाढही जुना संघच जास्त देऊ शकतो. म्हणजे नियमांचा कल खेळाडू आहे तिथेच राहावा असा आहे. २०१६ मध्ये डीमार डीरोझनने टोरांटोशी पाच वर्षांचा, १३ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला, तोही दुसऱ्या कुणाशी बोलणी न करता. काइल लाउरी २०१४ आणि २०१७ अशा दोन्ही वेळा थांबला.

ड्राफ्ट आणि करारानंतर खेळाडू मिळवण्याचा तिसरा मार्ग ट्रेडचा, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीचा. त्यात खेळाडूची संमती सहसा लागतच नाही. जुलै २०१८ मध्ये याच डीरोझनला देऊन रॅप्टर्सनी सॅन अँटोनिओकडून कवाय लेनर्ड आणला. इमानाने राहिलेल्या माणसाला असं पाठवणं मला आजही खटकतं, पण बास्केटबॉलच्या हिशेबात तो निर्णय अचूक होता. १२ मे २०१९ ला फिलाडेल्फियाविरुद्धच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना ९०-९० असा अडला असताना लेनर्डने उजव्या कोपऱ्यातून, जोएल एम्बीडच्या लांब हातांवरून चेंडू उंच फेकला. वेळ संपल्याचा भोंगा वाजला. चेंडू रिंगवर चार टप्पे खाऊन आत पडला. पुढच्याच महिन्यात टोरांटो विजेता झाला.

लेनर्ड लगेच गेला, हे खरं. तो दक्षिण कॅलिफोर्नियाचा. लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे, घराजवळ गेला. त्याच्या जोडीला पॉल जॉर्ज हवा म्हणून क्लिपर्सनी ओक्लाहोमा सिटीला जे दिलं त्यात शाय गिल्जस-अलेक्झांडर होता, टोरांटोत जन्मलेला आणि हॅमिल्टनमध्ये वाढलेला. कॅनडाची पोरं एक दिवस आपणहून घरी येतील, ही आशा इथे तोकडी पडते. शाय ओक्लाहोमा सिटी या छोट्या शहरात राहिला, २०२५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, विजेतेपदही मिळवलं आणि त्याच जुलैत त्याच संघाशी करार आणखी चार वर्षांनी वाढवला.